लष्कराच्या भाकऱ्या कोण भाजणार?

गेल्या अंकात शाळेतल्या एनसीसीवर, म्हणजे राष्ट्रीय छात्र सेनेवर, थोडं लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं वाचताना लक्षात आलं, मुलांबद्दल कुणाची तक्रारच नाही. आठवीची भरती निघाली की मैदानावर रांग लागते आणि निम्म्यांना हिरमुसलं करून परत पाठवावं लागतं. घोडं अडतं ते मोठ्यांपाशी. अधिकारी व्हायला शिक्षक तयार नसतात, मदतीला आलेले माजी कॅडेट टिकत नाहीत, आणि एखादा टिकतो तो नेमका नको असलेला. मी नोकरीभर भूमिती शिकवली आणि शनिवारी एअर विंगची, म्हणजे हवाई शाखेची, ज्युनिअर ट्रूप (शाळेतल्या कॅडेटांची तुकडी) सांभाळली. तेवढ्या भांडवलावर उत्तरं देते आहे. पत्रलेखकांची नावं गाळली आहेत.

प्रश्न : आमचे एनसीसी अधिकारी येत्या मे महिन्यात निवृत्त होत आहेत. आर्मी विंगची ट्रूप आहे. स्टाफ मीटिंगमध्ये ‘कोण घेणार?’ असं विचारलं तर सगळ्यांनी माना खाली घातल्या. संस्थेचं म्हणणं, पीटीच्या सरांच्याच गळ्यात घाला. काय करू? — एक मुख्याध्यापिका, सांगली जिल्हा

बाई, मीटिंगमध्ये विचारलंत तिथेच फसलं. चाळीस जणांसमोर हात वर करायचा म्हणजे ‘याला बरा वेळ आहे’ असं सगळ्यांना सांगणं. उद्या निवडणुकीच्या याद्याही त्याच्याच टेबलावर येऊन पडणार, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. हे काम एकेकट्याला, केबिनचं दार लावून विचारायचं.

पीटीच्या सरांचं म्हणाल तर मी सहसा नको म्हणेन. त्यांच्या कवायतीत खोट आहे म्हणून नव्हे. आंतरशालेय स्पर्धा आणि एनसीसीची शिबिरं बरोबर एकाच हंगामात येतात, ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत. कबड्डीचा संघ जिल्ह्याला न्यायचा की मुलं कॅम्पला, असं कोडं दर वर्षी पडतं आणि दोन्हीकडची मुलं नाराज होतात. कवायत शिकवायला युनिटकडून (एनसीसीच्या स्थानिक कार्यालयाकडून) पीआय स्टाफ, म्हणजे सैन्यदलाचे कायम प्रशिक्षक, येतोच, ते हवालदार आपल्यापेक्षा चांगली शिकवतात. शाळेच्या माणसाकडून जे लागतं ते वेगळं आहे. सहलीच्या मुक्कामात कोणता शिक्षक रात्री उठून मुलं मोजून येतो, ते आठवा. प्रयोगशाळेची किल्ली न सांगता खिळ्यावर परत कोण लावतं? तो माणूस मराठीचा असो की जीवशास्त्राचा, पहिल्यांदा त्याला बोलवा. बाई असतील तर आणखी बरं, मुलींची संख्या आपोआप वाढते.

बोलवाल तेव्हा देशसेवेवर भाषण नको. एक कागद समोर ठेवा. परेडचे वार आणि वेळ, दहा दिवसांचं वार्षिक शिबिर साधारण कधी येतं, ‘ए’ सर्टिफिकेटची (शालेय पातळीची) परीक्षा, भरतीचे फॉर्म, भत्त्यांचे हिशेब. कमिशनसाठी, म्हणजे एनसीसी अधिकारी म्हणून रीतसर नेमणूक मिळायला, कामठीच्या किंवा ग्वाल्हेरच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत काही आठवडे राहावं लागतं, तेही लिहा. मानधन तुटपुंजं आहे, तेही लपवू नका. शिक्षक नाही म्हणतात ते बहुतेक वेळा कामाला नाही, तर कामाचा थांगपत्ता लागत नाही म्हणून. घरी सासूबाई आजारी, मूल तिसरीत, आणि ‘ट्रेनिंगला जावं लागेल’ एवढंच कानावर पडलेलं. मग मनात आठवड्यांचे महिने होतात.

त्याच कागदाच्या खालच्या भागात शाळा काय देणार ते लिहा. वर्गशिक्षकपण काढून घेणार का? परेडच्या दिवशी शेवटचे दोन तास मोकळे देणार का? शिबिराच्या दिवसांत बदली तास कोण घेणार? हे सगळं तुमच्या सहीनं. खालचा भाग कोरा राहणार असेल तर विचारूच नका, कारण मग तुम्ही पद देत नसून ओझं देताय आणि समोरच्याला ते कळतं.

माणूस सापडला तर मे महिन्याची वाट पाहू नका. आत्तापासून त्याला सध्याच्या सरांच्या बाजूला उभं करा. कमिशन मिळेपर्यंत केअरटेकर (तात्पुरता) अधिकारी म्हणून नेमता येतं, त्याची रीत युनिट सांगेल. आणि जाणाऱ्या सरांकडून नॉमिनल रोल (कॅडेटांची नावनिशी यादी), पालकांची संमतिपत्रं, वैद्यकीय दाखले आणि स्टॉक रजिस्टर, सगळं बसून समजावून घ्या. विशेष करून रजिस्टर. वहीत पन्नास बेल्ट आणि कपाटात त्रेचाळीस, असा हिशेब नव्या माणसाच्या सहीच्या आधी निघाला पाहिजे. बेरे कॅप, हॅकल (टोपीवरचा तुरा), सहा नंबरचे बूट, सगळं जमिनीवर मांडून मोजा. पहिल्याच ऑडिटला दुसऱ्याच्या सात बेल्टांबद्दल उभं राहावं लागलं, तर तुमचा नवा अधिकारी त्याच दिवशी मनानं सुटलेला असतो.

प्रश्न : मी कॉलेजात एअर विंगला होतो, ‘सी’ सर्टिफिकेट (एनसीसीचं सर्वांत वरचं) आहे. आता खासगी कंपनीत नोकरी करतो. माझ्या जुन्या शाळेच्या ट्रूपला मदत करावी म्हणून दोन-तीनदा गेलो. मॅडमनी चहा पाजला, पाहुणे म्हणून ओळख करून दिली आणि मी दीड तास झाडाखाली उभा राहून परत आलो. त्यांना मदत नकोच आहे का? — माजी कॅडेट, पुणे

मॅडमना ‘जमेल तसा येईन’ असं म्हणाला होतात का? पत्रात तसं नाही, पण माझी पैज आहे. हे वाक्य ऐकलं की कुठलाही एनसीसी अधिकारी मनातल्या मनात तुम्हाला पाहुण्यांच्या यादीत टाकतो. शनिवारी दुपारी त्या बाईंच्या डोक्यात काय चाललेलं असतं ते बघा. शंभरएक मुलं, त्यातली वीस गणवेशाशिवाय आलेली, रिफ्रेशमेंट आलेलं नाही, एका मुलाचे वडील फाटकाशी थांबलेत, पीआय स्टाफची मोटारसायकल बंद पडली. त्यात एक सद्गृहस्थ ‘सांगा काय करू’ म्हणून उभे. तुम्हाला काम शोधून देणं हेच त्यांना नवं काम होऊन बसतं.

म्हणून काम तुम्ही घेऊन जा, आणि तेही एवढंसं. ‘महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, तीन ते साडेचार, दिवाळीपर्यंत, नववीच्या वीस मुलांना चक ग्लायडर (हातानं फेकायचं विमानाचं मॉडेल) शिकवीन. साहित्य मी आणतो.’ असं सांगणाऱ्याला मी दारातून परत पाठवलेलं नाही.

आधी नियमांचं. ट्रूपचं प्रशिक्षण ही अधिकारी आणि पीआय स्टाफची जबाबदारी. बाहेरच्या माणसानं मैदानावर यायचं तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी हवी आणि युनिटच्या कमांडिंग ऑफिसरना माहीत असायला हवं. रायफल आणि फायरिंग रेंजकडे तुम्ही वळायचंच नाही, सर्टिफिकेट कुठलंही असो. माजी कॅडेटांची एनसीसी अ‍ॅल्युम्नी असोसिएशन नोव्हेंबर २०२१ मध्ये झाशीला सुरू झाली, तिचं सदस्यत्व जरूर घ्या. पण ते कार्ड म्हणजे शाळेत शिरायचा परवाना नाही.

आता शिकवण्याचं. आमच्याकडे मदतीला येणाऱ्या माजी कॅडेटांना मी पहिल्या दिवशी एकच काम द्यायचे: दहा जणांची नावं पाठ करून या. कवायतीला हात लावायचा नाही. ‘ए चष्मेवाल्या’ अशी हाक मारणाऱ्याचं तेरा वर्षांचं पोर ऐकत नाही, घाबरतं फक्त. दुसऱ्या खेपेला नुसतं मागे उभं राहून बघायचं. समोरून परेड छान दिसते, चुका मागून कळतात. ‘सावधान’ झालं की टाचा जुळलेल्या, पंजे ३० अंशांत उघडे, मुठी बंद, अंगठा विजारीच्या शिवणीला. पुढून सगळं ठीक वाटतं आणि मागून बघावं तर निम्म्या अंगठ्यांची तोंडं शिवण सोडून भलतीकडे. ‘विश्राम’ला हात मागे बांधताना डावा वर की उजवा, तेही मागूनच दिसतं. हे टिपायला शिकलात की मग दहा जणांचा एक स्क्वाड तुमचा, मॅडमच्या नजरेसमोर.

हुकूम देताना नवे लोक हमखास एक घोटाळा करतात. ‘दाहिने मुड’ एका दमात म्हणून टाकतात. ‘दाहिने’ लांबवायचं, मग थांबायचं, त्या थांबण्यात मुलाच्या डोक्यात दिशा पक्की होते, आणि मग ‘मुड’ तुटक. तो मधला क्षण खाल्लात तर दहातली तीन डावीकडे वळणार आणि तुम्ही त्यांच्यावर ओरडणार. ओरडा तुमच्या वाट्याचा आहे.

ग्लायडरचं मला विशेष प्रेम, म्हणून लांबण लावते. बाल्सा लाकडाचं मॉडेल पहिल्या फेकीत जवळजवळ नेहमीच नाक वर करतं, हवेत अडखळतं आणि शेपटीवर आपटतं. मुलं लगेच पंख कापायला धावतात. त्यांना थांबवा. पंखाखाली दोन बोटं धरून मॉडेल तोलायला लावा, वजन मागे झुकतंय हे त्यांनाच दिसू दे. मग नाकाला हरभऱ्याएवढी माती-क्ले लावा, पुन्हा फेका. गुरुत्वमध्य, स्टॉल (हवेत अडखळणं), लिफ्ट (पंखांना मिळणारी उचल) हे शब्द त्यानंतर सांगा, परीक्षेत तेच येतात आणि मग विसरत नाहीत. कटरची पाती मात्र वाटताना मोजा, गोळा करताना मोजा, आणि हिशेब जुळल्याशिवाय कुणालाही जागेवरून उठू देऊ नका.

आणि तुमच्या जुन्या कॅम्पच्या गोष्टी? चहाच्या वेळी. विचारल्या तर.

प्रश्न : माझी मुलगी नववीत, एनसीसीत आहे. मैदानावर मदतीला येणारा एक माजी कॅडेट तिला आणि आणखी दोघींना रात्री वैयक्तिक मेसेज करतो. ‘आज परेड छान झाली’ इथून सुरुवात, मग फोटो पाठव वगैरे. मुलगी म्हणते, सांगितलंस तर मला परेडला उभं करणार नाहीत. — एक आई

ताई, उद्या सकाळी मुख्याध्यापकांकडे जा. लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. इतर दोघींच्या आयांना बरोबर घेता आलं तर बघा, पण त्यांच्यासाठी थांबू नका. मुलीला आधी सांगा की परेड तिचीच राहील, बाहेर जायचं झालं तर तो जाईल. आणि हेच वाक्य मुख्याध्यापकांकडूनही तिच्यासमोर वदवून घ्या.

मेसेजचा सूर लैंगिक असेल, कसले फोटो मागतो हे पाहून तसा संशय जरी आला, तरी हा शाळेनं आपापसांत मिटवायचा मामला राहत नाही. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार अशी शंका ज्याला आली त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि ते शाळेलाही लागू आहे. ‘मुलगा चांगल्या घरातला आहे, समज देऊन सोडू’ असं कुणी म्हणालं तर त्यांना हे कलम दाखवा. बोलायला कुणी हवं असेल तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे.

हे पत्र वाचणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी थोडं. स्वयंसेवक आला की त्याच्या कवायतीची परीक्षा आपण घेतो आणि बाकी सगळं ‘आपलाच जुना विद्यार्थी’ म्हणून सोडून देतो. माझ्या ट्रूपमध्ये कायदे साधे होते. कॅडेटांशी निरोपानिरोपी फक्त ग्रुपवर, ग्रुपमध्ये पालक आणि मी दोघंही. कुठल्याही मोठ्या माणसानं कुठल्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटं थांबायचं नाही, स्टोअररूममध्येही नाही. मुलीच्या गणवेशाचा बेल्ट, कॉलर हातानं नीट करायची नाही, तोंडानं सांगायचं. मोटारसायकलवरून कुणाला घरी सोडायचं नाही, पाऊस असला तरी. हे पहिल्याच दिवशी वाचून दाखवायचं आणि सही घ्यायची. एका होतकरू मुलानं ‘मॅडम, माझ्यावर विश्वास नाही का?’ असं विचारून सही नाकारली होती. मी त्याला चहा देऊन निरोप दिला. सभ्य माणसाला या नियमांचा जाच होत नाही, उलट उद्या कुणी खोटा आळ घेतला तर हेच नियम त्याला वाचवतात.

प्रश्न : स्वयंसेवक मिळत नसतील तर एनसीसीतल्या प्रत्येक मुलाच्या पालकाला वर्षातून ठरावीक दिवस सक्तीची मदत लावली तर? — संस्था सदस्य, नाशिक जिल्हा

सक्तीचा प्रयोग खुद्द एनसीसीनंच करून पाहिलेला आहे. १९४८ मध्ये कुंझरू समितीच्या शिफारशीवरून सुरू झाली ती ऐच्छिक म्हणून. चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजांत ती सक्तीची केली, आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक करावी लागली. सरकारला जे झेपलं नाही ते आपल्या संस्थेला झेपेल असं मला वाटत नाही.

शिवाय सक्तीनं आलेला पालक मैदानावर काय करतो? स्वतःच्या मुलाचे फोटो काढतो. त्यापेक्षा भरतीच्या फॉर्मसोबत एक चिठ्ठी द्या: तुमचा धंदा-व्यवसाय काय, आणि वर्षातून एक दुपार देऊ शकाल का? शिंपी निघतो, नर्स निघते, अग्निशमन दलातला कुणी निघतो. गणवेश वाटपाच्या दिवशी शिलाई मशीन घेऊन बसलेला एक शिंपी पालक दहा सक्तीच्या पालकांना भारी.

प्रश्न : मी हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त झालो. गावातल्या शाळेत विनामोबदला कवायत शिकवतो. शिस्त लावली तर पालक तक्रार करतात, दोन मुलं उन्हात चक्कर येऊन पडली तर मलाच बोल. हल्लीची मुलंच नाजूक. — माजी सैनिक, सोलापूर जिल्हा

सार्जंटसाहेब, आपल्यासारखी माणसं शाळांना हवीच आहेत. २०२४ मध्ये एनसीसीत तीन लाख जागा वाढवायला मंजुरी मिळाली, त्यात माजी सैनिकांना प्रशिक्षक म्हणून घ्यायची योजनाही आहे. तेव्हा हे राग न मानता वाचा.

तुम्ही ज्यांना शिकवायचात ते रिक्रूट वैद्यकीय तपासणीतून पार झालेले, मेसमध्ये पोटभर जेवलेले तरुण होते. तुमच्यासमोरचं पोर तेरा वर्षांचं आहे आणि सकाळच्या परेडला बहुतेक उपाशी आलेलं आहे. चक्कर येते ती नाजूकपणामुळे नाही. गुडघे ताठ लॉक करून मूल बराच वेळ निश्चल उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, डोक्याकडे कमी जातं, आणि ते सरळ तोंडावर आपटतं. उभं करण्याआधी ‘काय खाऊन आलात?’ हे विचारा आणि पाणी पाजा. गुडघे किंचित सैल ठेवायला, बुटातल्या बुटात बोटं हलवायला शिकवा, बाहेरून कुणाला दिसत नाही. ओठ पांढरे पडलेलं किंवा डुलायला लागलेलं मूल दिसलं की लगेच बाहेर काढून आडवं करा, पाय उंच ठेवा. आणि ‘बसायचं असेल तर हात वर कर’ असं आधीच सांगून ठेवा, हात वर करणाऱ्याची टिंगल होणार नाही याची जबाबदारी तुमची.

कोंबडा करणं, बेडूकउड्या, मैदानाला फेऱ्या हे शिक्षा म्हणून चालणार नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी करतं. तो कायदा चौदा वर्षांपर्यंतचा, पण पंधराव्या वर्षी शिक्षा सुरू करावी असा काही त्याचा अर्थ नाही. बाकी तुमच्या आवाजाचा मला हेवा वाटतो. तो हुकुमाला वापरा, रागवायला नको.

प्रश्न : मी नवीन एएनओ (शाळेतला एनसीसी अधिकारी) आहे. जूनमध्ये सहा माजी कॅडेट मदतीला आले होते, आता सप्टेंबरात एकच उरला आहे. सगळ्यांना स्वयंसेवक म्हणून टी-शर्ट आणि सर्टिफिकेट द्यायचं ठरवलं होतं. — अमरावती

एक उरला आहे ना, मग त्याला जपा. सहापैकी एक हे प्रमाण काही वाईट नाही. टी-शर्टवर पैसे घालू नका, टी-शर्ट हवा असणारे जूनमध्येच येऊन गेले.

उरलेल्या पाच जणांना एकेक फोन करा, रागानं नाही. बहुतेकांची अडचण किरकोळ निघेल. नोकरीची पाळी बदलली, मैदानावर पोचल्यावर कळलं की परेड रद्द, किंवा जुन्या स्वयंसेवकानं मुलांसमोर टोकलं. परेड रद्द झाली की आदल्या रात्री त्यांना कळवायची सवय ठेवा. फुकट खेप घालायला लावलेला माणूस पुन्हा सहसा येत नाही. आणि परेड संपल्यावर दहा मिनिटं त्यांच्यासोबत बसा, आज कुणाचं काय चुकलं, पुढच्या शनिवारी कोण काय घेणार एवढंच बोला. त्या दहा मिनिटांत तुम्ही भत्त्यांचे फॉर्म भरत बसलात तर ते लोक निघून जातात.

पाचातला एखादा म्हणेल की मला मुलांसमोर उभं राहायला आवडत नाही. त्याला सोडू नका. नॉमिनल रोल संगणकावर घालायला, परीक्षेला लागणारे हजेरीचे ७५ टक्के कुणाचे भरत नाहीत ते दर महिन्याला काढून द्यायला तुम्हाला असाच माणूस लागणार आहे. परीक्षेच्या तोंडावर ती यादी करायला बसलात की किती उशीर होतो ते या वर्षी कळेलच, तेव्हा त्याला याच आठवड्यात फोन करा.